पासिंग बाकी आहे

मराठीच्या प्राध्यापकाने मोटार घेतली ही बातमी नांदगावात स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंत पोचायला फारसा वेळ लागत नाही. गणिताच्या प्राध्यापकाने घेतली तर लोक म्हणतात, हिशेब जमला असेल. वाणिज्यच्या प्राध्यापकाने घेतली तर कोणी काहीच म्हणत नाही. पण मराठीचा माणूस मोटार घेतो, म्हणजे कुठे तरी काही तरी चुकले आहे, अशी लोकांची ठाम समजूत असते. आणि वाचकहो, खेदाने कबूल करतो की या खेपेस लोकांची समजूत बरोबर होती.

या पानावर मी एरवी शब्दांविषयी लिहितो. आजही एका शब्दाविषयीच लिहिणार आहे. तो शब्द म्हणजे 'पासिंग'. शब्दकोशात तो शोधू नका, गॅरेजात शोधा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत भरत आली की गाडी परिवहन कार्यालयात न्यायची, तिथल्या निरीक्षकाने तिचे दिवे, ब्रेक, भोंगा, चाके, धूर आणि चेसिसवरचा नंबर तपासायचा, आणि ती रस्त्यावर धावण्यास लायक आहे असे ठरले तर पुढची पाच वर्षे मिळायची. या सगळ्या विधीला आमच्याकडे पासिंग म्हणतात. परीक्षेचा धंदा करणाऱ्या माणसाला हा शब्द किती जवळचा वाटला असेल, ते सांगायला नको. तिथेच मी फसलो.

गोष्ट २०२३ सालच्या दिवाळीतली. आईचे गुडघे दोन वर्षे कुरकुरत होते, आणि डॉक्टर मालेगावला. महिन्यातून दोनदा तिला एस. टी.च्या त्या उंच पायरीवर चढवायचे म्हणजे मागून मी ढकलतो, वरून कंडक्टर ओढतो, आणि मध्ये आई रामरक्षा म्हणते, असा प्रकार. एकदा ती मध्येच थांबून म्हणाली, "अरे, एवढी माणसं मला उचलायला लागली, तर आता शेवटचंच उचला." त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केले की आपण मोटार घेणार.

नवी मोटार घेण्याची ऐपत नव्हती आणि कर्ज काढण्याची छाती नव्हती. म्हणून जुन्या गाड्या विकणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांचे दुकान कोणत्या रस्त्याला, ते मी सांगणार नाही. पत्र्याची शेड, समोर मुरमाचे मैदान, आणि मैदानात वीसेक गाड्या ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या नाकावर झेंडूचा हार. एखाद्या सामुदायिक विवाहाला आल्यासारखे वाटले. त्या ओळीत एक पांढरी मारुती ८०० होती.

माझ्या पिढीच्या माणसाला मारुती ८०० दिसली की त्याचा विवेक थोडा ढिला पडतो. १९८३ च्या डिसेंबरात पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, आणि २०१४ च्या जानेवारीत ती गाडी बनायची बंद झाली. या दोन तारखांच्या मध्ये आमचे बालपण, शिक्षण आणि लग्न सगळे उरकले. लहानपणी गावातल्या डॉक्टरांकडे अशी गाडी होती. तिच्या काचेला नाक लावून आम्ही आत बघत असू. आता तीच समोर उभी, आणि दुकानदार म्हणतो, "बसा सर आत. तुमचीच आहे."

आत अत्तराचा दरवळ होता. मला तो लग्नघरासारखा वाटला. काचा लखलखीत, सीटवर नवी कव्हरे, पायाखाली नवे रबरी मॅट. कागद पाहिले. नोंदणी १० नोव्हेंबर २००८ ची.

"म्हणजे मुदत ९ नोव्हेंबरला संपते," मी म्हणालो. माझ्या हुषारीचे मलाच कौतुक वाटले.

"पासिंग तेवढं बाकी आहे, सर," दुकानदार म्हणाले. "बाकी गाडीला बघायला नको."

वाचकहो, बावीस वर्षे मी मुलांना द्व्यर्थ शिकवतो आहे. एकाच वाक्यात दोन अर्थ कसे बसतात, ऐकणारा सोयीचा अर्थ कसा उचलतो, हे फळ्यावर उदाहरणे लिहून समजावतो. आणि तो माणूस माझ्या तोंडावर सांगत होता की गाडीला बघायला नको. आणि मी बघितले नाही.

मग भावाची गोष्ट निघाली. पासिंग त्यांनी करून दिले तर ९०,०००. मी करून घेतले तर ६५,०००. मी मनात झरझर हिशेब केला. पुनर्नोंदणीची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. वर पर्यावरण कर, एजंटाचे थोडे, इकडेतिकडे थोडे. धरून चला दहा हजार. म्हणजे पंचवीस हजारांचे काम मी दहा हजारांत करणार! पंधरा हजार सरळ खिशात! दसऱ्याचा मुहूर्त होता. ६५,००० मोजले, 'गाडी आहे त्या स्थितीत घेतली' अशा छापील कागदावर मोत्यासारख्या अक्षरात सही केली, आणि गाडी घरी आणली.

घरी सौ.ने ओवाळले, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चारी चाकांखाली लिंबे ठेवली. ती चिरडून मी गाडी दारात उभी केली. पुढच्या शनिवारी आईला घेऊन नस्तनपूरला शनिदेवाच्या दर्शनाला गेलो. आमच्या तालुक्यात नवी-जुनी कोणतीही गाडी घेतली की शनिमहाराजांच्या कानावर घालावी लागते. देवाला तेल वाहिले. बाहेर येऊन पाहतो तो गाडीनेही आपल्या परीने जमिनीवर थोडे तेल वाहिले होते. मी तिकडे दुर्लक्ष केले. परतताना मागच्या डाव्या सीटवरून आई म्हणाली, "पायांना गार वारा लागतोय रे."

"एसी आहे आई," मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक गाडी बघायला आले. चहा झाला. चाकाखालच्या लिंबाच्या सालींकडे बघून ते हसायला लागले. म्हणाले, "तुम्ही चांगल्या गाडीला लिंबू लावता. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीलाच लिंबू म्हणतात." मग त्यांनी मला जॉर्ज अकरलॉफ या गृहस्थांची हकीकत सांगितली. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटासा निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता (हे ऐकून मला अकरलॉफ एकदम आपले वाटले). निबंधाचा मथितार्थ असा, की विकणाऱ्याला गाडीचे पोट माहीत असते, घेणाऱ्याला फक्त तोंड दिसते. म्हणून घेणारा मधलाच भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला काढत नाही, आणि बाजारात हळूहळू लिंबेच उरतात. याच निबंधात आपल्याकडच्या सावकारीचीही चर्चा आहे. २००१ साली त्यांना आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

"भाव काय सांगितला होता?" त्यांनी विचारले. मी दोन्ही आकडे सांगितले, आणि पंधरा हजार कसे वाचवले तेही सांगितले.

ते काही वेळ बोलले नाहीत. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "अहो, दहा हजारांचं काम असेल तर तो पंचवीस कशाला सांगेल? असली कामं तो रोज करतो. त्याला तर ती तुमच्यापेक्षा स्वस्तात पडत असतील. मग वरचे पंधरा हजार कशाचे?"

"नफा," मी म्हणालो.

"नफा विक्रीत धरलेला असतो. हे पंधरा हजार म्हणजे गाडीविषयी त्याला जे ठाऊक आहे आणि तुम्हाला नाही, त्याची किंमत. नव्वद त्याने तुम्ही द्यावे म्हणून सांगितलेच नाहीत. देऊ नयेत म्हणून सांगितले. त्याला ही गाडी निरीक्षकासमोर न्यायचीच नव्हती."

चहा मला एकाएकी कडू लागला.

सोमवारी गाडी चाचांच्या गॅरेजात नेली. चाचा साठीच्या पुढचे. गाडी हातात घेण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारतात. त्यांनी बॉनेट उघडले नाही, इंजिन सुरू केले नाही. मागच्या सीटचा पट्टा धरला आणि पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी कोणी ओढत नाही त्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या गाळाची पिवळट रेघ होती. मग त्यांनी डाव्या बाजूचे रबरी मॅट उचलले, त्याखालचे जुने जाजम उचलले, आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यावर टेकवून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो काढून घेतला, तेव्हा त्या भोकातून मला खालची जमीन दिसली.

आईचे पाय तिथे होते. गार वारा तिथून येत होता.

"सर, ये गाडी पानी में थी," चाचा म्हणाले.

पानी म्हणजे कोणते पाणी, हे नांदगावात विचारावे लागत नाही. एरवी पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावणारा हा तालुका. पण २०२१ च्या सप्टेंबरात शाकांबरी आणि लेंडी या आमच्या दोन्ही नद्या एका रात्रीत गावात शिरल्या. त्याच्या आठवडाभर आधी, ३१ ऑगस्टला, शेजारच्या चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी हेच केले होते, आणि कन्नडचा घाट दरडींनी बंद पडला होता. आम्ही त्या बातम्या वाचून हळहळत होतो, तोवर पाणी आमच्याच दारात. सकाळी बाजारात पाहवत नव्हते. कापडाचे तागे, वह्या, धान्याची पोती, सगळे एकाच रंगाचे झाले होते. आणि रस्त्याच्या कडेला, दारे सताड उघडी टाकून, गाड्या उन्हात वाळत उभ्या होत्या. त्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांच्या मालकांसाठी सगळे गाव हळहळले. पुढे त्या गाड्या कुठे गेल्या, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

चाचांनी मग बाकीचे दाखवले. ब्रेकच्या नळीला गंजाने खवले धरले होते. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात वाळूचा थर. इंजिनामागच्या पत्र्यावर चेसिसचा नंबर ठोकलेला असतो. पासिंगच्या वेळी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. तिथले दोन आकडे गंजात बुडाले होते. "इस हालत में पास नहीं होगी," चाचा म्हणाले. "और होनी भी नहीं चाहिये."

दुसऱ्या दिवशी मी दुकानदारांकडे गेलो. रस्त्याने भांडणाची सगळी वाक्ये जुळवली होती. पण त्या माणसाने भांडायची संधीच दिली नाही. खुर्ची दिली, चहा मागवला, सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"सर, मी खोटं बोललो का?" एवढेच त्यांनी विचारले.

मी त्यांचे वाक्य आठवून पाहिले. खोटे नव्हते. 'आहे त्या स्थितीत' या कागदावर सही माझी होती. ग्राहक आयोगाकडे जाता आले असते; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीची फीसुद्धा पडत नाही. मी गेलो नाही. का गेलो नाही याची पुष्कळ कारणे मी लोकांना सांगितली आहेत. खरे कारण असे, की कॉलेजातल्या लोकांना हे कळायला मला नको होते.

"असं करा," ते म्हणाले, "गाडी परत आणून ठेवा. ५०,००० देतो. धनत्रयोदशीच्या आत जाईल ती."

पंधरा हजारांचा फटका. पण पन्नास हजार सुटत होते. मी शुक्रवारी गाडी आणून देतो म्हणालो. दारातून बाहेर पडताना इतके हलके वाटले की बऱ्याच दिवसांनी सायकलवर शीळ घातली. 'जाईल ती' या दोन शब्दांचा मी विचार केला नाही. पुन्हा एकदा मी मला सोयीचा तेवढाच अर्थ उचलला होता.

गुरुवारी तिसऱ्या तासानंतर आमचा शिपाई स्टाफरूममध्ये आला. दहा वर्षांपूर्वी हा माझ्याच वर्गात होता. निबंधात प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह टाकायचा. दोन लहान मुली आहेत त्याला. माझ्यासमोर पेढा ठेवून म्हणाला, "सर, मीपण गाडी घेतोय. तुमचीच."

"माझीच?"

"शेठ म्हणाले, सरांना मोठी गाडी घ्यायचीय म्हणून ही परत देतायत. ६८,००० म्हणतात. पासिंग तेवढं बाकी आहे." आणि मग तो मनापासून हसला. "सरांनी वापरलेली म्हणजे मला काय बघायला नको."

पेढा माझ्या हातात होता. तो खाऊ की ठेवू, हे मला कळेना. दहा दिवसांपूर्वी या गाडीची किंमत ६५,००० होती. माझ्या दारात ती दहा दिवस उभी राहिली एवढ्याने तिची किंमत तीन हजारांनी वाढली होती. ज्या कागदासाठी मालेगावला जायचे, तो कागद दुकानदारांनी इथेच मिळवला होता. मीच तो कागद होतो.

मी त्याला सगळे सांगितले. स्टाफरूममध्ये, चार सहकाऱ्यांच्या देखत. अत्तर, एसी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळे. तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, मग तुम्ही परत देणार होता ती..." एवढे म्हणून तो थांबला. वाक्य पूर्ण करण्याइतका तो उद्धट नाही. ते मी घरी जाताना पूर्ण केले.

शुक्रवारी मी गाडी परत दिली नाही.

चाचांना विचारले, "दुरुस्त होईल?" ते म्हणाले, होईल, पण खर्चात पडाल. पडलो. खालचा सगळा डावा पत्रा कापून नवा जोडला, उजवीकडे दोन ठिगळे, ब्रेकच्या नळ्या नव्या, गळणाऱ्या तेलाचे सील नवे. चेसिसचा नंबर त्यांनी ब्रशने आणि तेलाने दोन संध्याकाळ हळूहळू घासला, तेव्हा ते दोन आकडे वर आले. एखाद्या जुन्या शिलालेखासारखे. एकूण बिल ३१,०००. सौ.ने त्या वर्षीच्या पाटल्यांचे नाव काढले नाही. तिने ते काढले असते तर बरे, असे मला अजून वाटते.

या धांदलीत मला आणखी एक गोष्ट सुचली, जी पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. नोंदणीपुस्तकावर मूळ मालकाचे नाव होते, पत्ता होता, आणि तो पत्ता माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवरचा. मी तो वाचला होता. पण आम्हा मराठीच्या लोकांची खोड अशी, की आम्ही मजकूर वाचतो, त्या पत्त्यावर जात नाही.

गेलो. टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. दारात तुळस, झोपाळा. गाडीचा नंबर सांगताच म्हणाले, "ती? ती तर भंगारात गेली." पुराच्या रात्री गाडी खिडकीपर्यंत पाण्यात होती. विमा होता तो तिसऱ्या पक्षापुरता. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर विमा कंपनी भरणार, गाडी पाण्यात गेली तर तुमचे तुम्ही बघा. मग कोणी तरी १२,००० देऊन ती ओढून नेली, आणि जाताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० या दोन कोऱ्या कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

विषय संपला नव्हता. सरकारी नोंदीत दोन वर्षे गाडी त्यांचीच होती. कायदा असा आहे, की गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. तिथे एक मोटार अशीच या हातातून त्या हातात फिरली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. आणि अपघाताची भरपाई न्यायालयाने नोंदीवर ज्याचे नाव, त्याच्यावर ठेवली. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा झोपाळा थांबला. दोन वर्षे हे गृहस्थ भंगारात गेलेल्या गाडीचे मालक म्हणून सुखाने झोपत होते, आणि गाडी कुणाच्या तरी हाती रस्त्यावर होती.

पुढे यावर उपाय निघाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले, आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर गेली की मधल्या काळाचा मालक तोच मानला जातो. पण आमच्या टपालवाल्यांनी गाडी दिली २०२१ साली. त्यांच्यामागे असला नियम नव्हता. त्यांनी माझ्यासमोर ताज्या सह्या केल्या, प्रत्येक कोरी जागा भरून घेतली, तारीख दोनदा तपासली, आणि चकल्या दिल्या.

८ नोव्हेंबरला गाडी मालेगावला नेली. नाव बदलण्याचा अर्ज आणि मुदतवाढीचा अर्ज एकदमच केले होते. निरीक्षक तरुण होते. पेन्सिलची छाप नीट आली. पत्रा ठोकून पाहिला, पुढे-मागे गाडी चालवायला लावली, आणि हँडब्रेक ओढून चढावर उभी करायला सांगितली. गाडी सावकाश मागे सरकू लागली. डावा इंडिकेटरही लागला नाही.

"दोन विषय राहिले, सर," ते म्हणाले. माझा धंदा त्यांना अर्जावरून कळला असावा. वीस-बावीस वर्षे मी लोकांना एटीकेटी देतो आहे. ती घेताना पोटात काय होते, हे मला त्या दिवशी कळले. चाचांनी रात्री दिवा लावून हँडब्रेकची तार बदलली. दुसऱ्या दिवशी, वसुबारसेला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, गाडी पास झाली. नोव्हेंबर २०२८ पर्यंत. मला इतका आनंद माझ्या एम. ए.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

विलायतेत माझा एक विद्यार्थी आहे. त्याला फोनवर ही कथा सांगितली. तो म्हणाला, तिकडे १९६० पासून अशी परीक्षा आहे. प्रथम दहा वर्षांवरच्या गाड्यांची होती, आता तीन वर्षांपासूनच सुरू होते आणि दर वर्षी. आणि कुठलीही गाडी घ्यायच्या आधी तिचा नंबर घातला की ती कोणत्या साली कशात नापास झाली होती, ते घरबसल्या फुकट वाचता येते. आपल्याकडेही नंबर घातला की नोंदणीची तारीख, मुदत, विमा हे मोबाइलवर दिसते. गाडी बुडाली होती का, हे दिसत नाही. त्यासाठी पट्टा शेवटपर्यंत ओढावा लागतो.

आमच्या शिपायाने दिवाळीनंतर गाडी घेतली. दुसरी, त्याच दुकानातून. मी बरोबर गेलो नव्हतो, चाचा गेले होते. त्याने दुकानदारांना पहिला प्रश्न विचारला, तो गाडीविषयी नव्हताच. पासिंगसकट किती आणि पासिंगशिवाय किती, एवढेच प्रत्येक गाडीचे विचारत तो ओळीने फिरला. एकीत बावीस हजारांचा फरक, एकीत अठरा. शेवटून तिसऱ्या एका करड्या गाडीत फरक निघाला नऊ हजारांचा. चाचांनी मग फक्त तिचेच मॅट उचलले. पैसे त्याने पासिंग होऊन आल्यावर दिले. शेठ कुरकुरले, पण तयार झाले.

आमची गाडी अजून चालते. आई मागे डावीकडेच बसते, दुसरीकडे बसत नाही. मात्र आत पाय ठेवण्याआधी हातातली काठी ती खालच्या पत्र्यावर दोनदा आपटते, आवाज ऐकते, आणि मग मला म्हणते, "हं, चल."